दार तुमचं, टकटक आमची

लिफ्टमामांनी घर का बदललं, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, उत्तर आवाज खाली करून मिळतं. सगळ्यात खाली करतात लाँड्रीवाले काका. त्यांचा आवाज मुळातच असा दांडगा, की खाली केला तरी समोरच्या फुटपाथपर्यंत पोचतो. "अहो, त्या चौथ्या मजल्यावर," इस्त्री हवेत धरून ते सांगतात, "दार वाजायचं! उघडावं तर कुणी नाही. पुन्हा वाजायचं! सव्वीस वर्षं काढली माणसाने. शेवटी ते घर चष्मेवाल्या बाईंच्या गळ्यात मारलं आणि त्यांचं तळमजल्याचं स्वतः घेतलं. बाईंना काय, चष्मे घरचेच. बसतील भुताला बघत." एवढं होईस्तोवर कुणाच्या तरी शर्टाची कॉलर करपलेली असते.

खोटं आहे. त्या दारावर भूत नव्हतं. असतं तर मामांनी त्याला तेलपाणी करून सुरळीत चालतं केलं असतं. माणसाचा धंदाच तो. खरी गोष्ट बरोबर उलटी. त्या दारावर सव्वीस वर्षांत हवी ती टकटक एकदाही झाली नाही, आणि मामांच्या मानगुटीवर बसलं होतं ते हे न झालेलं.

मामा लिफ्ट दुरुस्त करतात. सख्खे मामा कुणाचेच नाहीत, म्हणून सगळ्यांचे. गावातल्या एकतीस लिफ्ट त्यांच्या अंगावर आहेत. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग नाकातून एक "हं". "उजवं बेअरिंग. दोन आठवडे." दोन आठवड्यांनी बेअरिंग जातं म्हणजे जातंच. माणसांचंही तेच. तुम्ही दारातून "मामा" एवढं म्हणा, ते म्हणणार, "घशात धरलंय. आईला सांग." आणि संध्याकाळी तुम्ही खोकत असता.

दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, अख्ख्या गावाला वर-खाली करणारा हा माणूस स्वतः राहायचा लिफ्ट नसलेल्या इमारतीत. चौथा मजला, अडुसष्ट पायऱ्या. आईवडिलांनी घेतलेलं घर. ते गेल्यावर दोघेच उरले, मामा आणि धाकटा.

धाकटा हुशार होता, पण बुड स्थिर नाही. दोन नोकऱ्या सोडल्या तेव्हा मामांनी शब्द टाकून त्याला एका मोठ्या कापडदुकानाच्या लिफ्टवर बसवलं. लिफ्टच्या बाहेर स्टूल, पंखा, दोन बटणं. काम काय, तर चौथा आणि पहिला यांत गल्लत करायची नाही. एका दुपारी धाकट्याला पोहायला जावंसं वाटलं. त्याने मुख्य बटण बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि गेला. दुकानाचे मालक नेमके आत होते, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या अधेमधे. दीड तास. मामांनी जाऊन त्यांना बाहेर ओढलं तेव्हा मालकांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि फुटला तो लिहिण्यासारखा नव्हता.

संध्याकाळी धाकटा ओल्या केसांनी घरी आला. मामांनी ऐकवलं ते ऐकवलं. धाकटा आधी हसत होता. मग हसेना. शेवटी मामा म्हणाले, "नीघ. आणि परत या दारावर हात ठेवू नकोस."

तो निघाला. त्याने हात ठेवला नाही. सव्वीस वर्षं झाली.

पहिली दोन वर्षं मामांनी शोधलं, ओळखीच्यांना विचारलं. मग कळलं की शोधणं आपल्या हाती नाही, उघडणं आहे. तेव्हापासून ते घरातून निघताना समोरच्यांना सांगून निघायचे, परत आले की विचारायचे, "कुणी?" समोरच्या काकू मान हलवायच्या. वर्षांमागून वर्षं गेली, काकू म्हाताऱ्या झाल्या, तरी मामा जिना चढून आले की त्या न विचारताच मान हलवायच्या. लाँड्रीवाल्यांचं भूत म्हणजे काय ते एवढंच. घरात बसलेले मामा मधूनच उठून दार उघडायचे, रिकाम्या जिन्याकडे बघायचे आणि लोटून घ्यायचे. बघणाऱ्याला वाटायचं, दार वाजलं असणार.

मग गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, "गुडघे किंवा घर. एक काय ते ठरवा."

दलाल आला. हा तोंडात साखर ठेवूनच जन्माला आलेला. "मामा, विकून मोकळे व्हा. गिऱ्हाईक तयार आहे. नवरा, बायको आणि एक कुत्रा. बस्स."

"कुत्रा?"

"चावत नाही हो. नुसता भुंकतो."

मामांच्या डोळ्यांपुढे आलं ते असं: धाकटा, आता चाळिशी उलटलेला, अडुसष्ट पायऱ्या चढून येतो, सगळं बळ गोळा करून दारावर हात ठेवतो, आणि आतून कुत्रा भुंकतो. मागोमाग अनोळखी आवाज, "कोण पाहिजे? इथे नाहीत. विकून गेले." विकून गेले! म्हणजे भावानेच सांगितल्यासारखं, की तुझी वाट बघणं संपलं. मामांनी दलालाला चहा पाजला आणि वाटेला लावलं. घर विकलं की दाराआड कोण उभं राहील, हे आपल्या हातात राहत नाही. त्यांचं सगळं अडलं होतं ते इथे.

सुटलं ते चष्म्याच्या दुकानात. चष्मेवाल्या बाई पन्नाशीच्या, एकट्या, बोलणं कात्रीसारखं. मामांच्या नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढवून त्या भिंगं बदलत होत्या. "हे बरं की हे? खालची ओळ वाचा. पाय का चोळताय? ओळ पायाने वाचायची नाही."

"चार जिने आहेत हो, बाई."

"नशीबवान आहात. माझा तळमजला. येणाराजाणारा दार ठोकतो. मला उंच पाहिजे. चार जिने चढून येणाऱ्याला निदान चारदा विचार करावा लागतो."

भिंग बदलायचा हात थांबला. मामांनी लोखंडी फ्रेममधूनच त्यांच्याकडे पाहिलं. अस्पष्ट दिसत होत्या, पण दोघांनाही एकदमच दिसलं.

विकणं नाही, घेणं नाही, घरास घर. जागा जवळपास सारख्याच, त्यामुळे वर काही द्यायचं-घ्यायचं राहिलं नाही. वकिलांनी कागद केले. पण खरा करार झाला तो बाईंच्या दुकानातल्या नंबर लिहायच्या कागदाच्या पाठीवर. मामांची अट: "माझ्यासाठी जो कोणी येईल, त्याला माझा नवा पत्ता द्यायचा. न देता परत पाठवायचं नाही." बाईंची अट: "माझ्यासाठी जो कोणी येईल, त्याला माहीत नाही म्हणायचं. कुणीही असो."

वकील कागद उलटसुलट करून म्हणाले, "याला कायद्यात जागा नाही."

"नसू दे," बाई म्हणाल्या, "आम्हाला दोन जागा पुरेत."

मामा खाली राहायला आले आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण कशात पाय घातलाय. जन्मभर एका टकटकीवर कान लावून बसलेला माणूस, आणि इथे दिवसाला सतरा! पत्ता चुकलेले, चेंडू मागणारे, पंपवाला आहे का विचारणारे, झाडू विकणारे. प्रत्येक टकटकीला मामा गुडघे सावरत दाराशी पोचायचे, श्वास घ्यायचे, उघडायचे. झाडू. त्या आठवड्यात त्यांनी तीन झाडू घेतले. विकणाऱ्याला वाटलं, काय गिऱ्हाईक आहे!

आणि जुनं घर अंगातून जाईना. मामा पाणी प्यायला उठायचे ते तीन पावलं चालून डावीकडे वळायचे आणि भिंतीवर आपटायचे. वर तिथे स्वयंपाकघर होतं. दुपारी खुर्चीत डोळा लागला की डोक्यावर कुणीतरी जिना चढतंय असं वाटायचं. ते मोजायचे. चाळीस, एकेचाळीस. अडुसष्टच्या आत पावलं थांबायची, कारण ती वरच्या मजल्यावरच्यांची असायची आणि ते घरी पोचलेले असायचे.

या सगळ्यात मामांनी एक चूक केली, जी लिफ्टवालाच करू जाणे. त्यांच्या कामात प्रत्येक लिफ्टला एक नोंदकार्ड असतं. एका लिफ्टची मोटर काढून दुसरीला बसवली, तर दोन्ही कार्डांवर लिहायचं: कुठून आली, कुठे गेली. तीस वर्षांची सवय. त्यांनी वरच्या दाराशेजारी एक कार्ड चिकटवलं, "इथले लिफ्टवाले आता या पत्त्यावर," आणि ते बरोबरच होतं. पण हाताला सवय अशी, की दुसरं कार्ड खालच्या दाराशेजारी लागलं. "इथे आले: लिफ्टवाले. इथून गेल्या: चष्मेवाल्या बाई. कुठे:" आणि पुढे वरचा पत्ता, मजल्यासकट, छापल्यासारख्या सुंदर अक्षरात. कुणापासून तरी लपायला निघालेल्या बाईंचा पत्ता मामांनी दारावर लावून ठेवला, आणि त्यांना तो दिसलाही नाही. आपलं अक्षर आपल्याला दिसत नाही.

तीन महिन्यांनी एका सकाळी दार वाजलं. हळू, दोनदा, मग थांबून एकदा. मामांचे कान टवकारले. हा झाडू नव्हे. ही घाबरलेली टकटक.

बाहेर एक सडसडीत म्हातारे गृहस्थ उभे होते. हातात फळांची पिशवी, डोळ्यांवर चष्मा, त्याची उजवी काडी दोऱ्याने बांधलेली आणि एक काच तडकलेली. "माझी धाकटी बहीण राहते इथे," ते म्हणाले. "चष्म्यांचं काम करते, कुठे ते ठाऊक नाही. सांगाल का, दादा आलाय म्हणून?"

माहीत नाही, एवढे दोन शब्द. ते बोलले, पण आधी घसा तीनदा साफ करावा लागला.

"घर त्यांच्याकडूनच घेतलंत ना?"

"दलालाकडून," मामा म्हणाले.

"बरं, बरं." म्हातारे गृहस्थ हलले नाहीत. मान वळवून ते दाराशेजारी वाकले, नाक कार्डाला टेकेपर्यंत. "हे काय लिहिलंय हो? माझा चष्मा फुटलाय, मेली अक्षरं नाचतात."

आणि तेव्हा मामांना ते कार्ड दिसलं.

"लिफ्ट बंद आहे," मामा म्हणाले.

"तळमजल्याला लिफ्ट?"

"म्हणूनच बंद आहे."

ते खुदकन हसले. भला माणूस. "पुढच्या रविवारी येतो," म्हणाले. "तोवर कुणी काही सांगितलं तर." फळांची पिशवी त्यांनी मामांच्या हातात ठेवली आणि भिंत चाचपत गेले. मामांनी नखांनी ओरबाडून कार्ड काढलं. भिंतीचा पापुद्राही निघाला. मग ते आत येऊन बसले, आणि त्यांना स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागला. माहीत नाही. किती सहज म्हणता येतं! कुठेतरी, कुठल्यातरी दारात, कुणीतरी त्यांनाही धाकट्याबद्दल हेच म्हणालं असेल. सव्वीस वर्षं त्यांना वाटत होतं की धाकटा हरवलाय. तो हरवलेला नसून नुसता एका चांगल्या दाराआड बसलेला असेल, हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

दुपारी ते अडुसष्ट पायऱ्या चढले. प्रत्येक वळणावर बसले. वर पोचले आणि स्वतःच्या दारासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांना जाणवलं की हे दार आपण बाहेरून कधी वाजवलेलंच नाही. किल्ली कायम खिशात असायची. त्यांनी हात उचलला. आवाज त्यांना वाटायचा तसा नव्हता. आतून ते सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहत होते, तो बाहेरून असा ऐकू येतो: पोकळ, लहान, जणू आत कुणी नाहीच. मग आतून पावलं आली. त्या घरात दाराकडे येणारी पावलं आजवर एकाच माणसाची होती. त्यांना क्षणभर खरंच वाटलं, आता आपणच दार उघडणार.

दार अडकलं. त्यांनी सवयीने खालच्या कोपऱ्यात पाय दाबला आणि ते उघडलं. दारात बाई होत्या, आणि त्या मामांच्या पायाकडे बघत होत्या.

"तुमचे दादा आले होते," मामा धापा टाकत म्हणाले.

"काय सांगितलंत?"

"माहीत नाही म्हटलं. आणि लिफ्ट बंद आहे म्हटलं." कार्डाची हकिगतही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली.

बाई चिडल्या नाहीत. पाणी दिलं. त्यांनी दादाशी का तोडलं हे मामांनी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. पेला परत घेताना म्हणाल्या, "कसा आहे?"

"बारीक झालेत. चष्मा फुटलाय. उजवी काडी दोऱ्याने बांधलीय."

"उजवीच. उजव्या कुशीवर झोपतो, चष्मा न काढता." बाई उठल्या, खणातून एक चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा पुसला. "पुन्हा आला तर द्या. माझं नाव काढू नका."

"मग काय सांगू? आभाळातून पडला?"

"घरात सापडला म्हणा. लिफ्ट बंद आहे म्हणता येतं, तर हेही म्हणता येईल."

मामा उठले, दारापर्यंत गेले आणि जो प्रश्न ते समोरच्या काकूंना हजारदा विचारत आले होते, तोच त्यांनी विचारला. "कुणी?"

बाई गप्प राहिल्या. अर्धा सेकंद जास्त. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मामांनी ते बेअरिंग ऐकलं.

"बाई."

"एक जण आला होता," बाई म्हणाल्या. "अकरा आठवडे झाले. मी आतून ओढत होते, दार उघडेना. तर बाहेरून म्हणाला, खालच्या कोपऱ्यात पायाने दाबा."

मामांनी चौकट धरली. ही खुबी जगात त्यांना आणि धाकट्यालाच माहीत होती.

"दाराशेजारी कार्ड होतंच, तरी अट म्हणून मी पत्ता दिला. लिहून, दुकानाच्या कागदावर. त्याने घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, गुडघे का? मी म्हटलं, हो, गुडघे. तो हसला. किंवा दम खाल्ला असेल, चार जिने आहेत."

"आणि मला सांगितलं नाहीत!"

"अट होती पत्ता द्यायची. दिला. पत्ता घेऊन यायचं की नाही हे त्याचं आहे, मामा. मी कुणाच्या वाटेची बातमी कुणाला देत नाही. मला कुणी तसं केलेलं नको असतं."

"मग आज का सांगितलंत?"

"तुम्ही माझ्या दादाला सांगितलं नाहीत म्हणून."

मामा जिना उतरले. चढताना गुडघे दुखले होते. उतरताना काहीच जाणवलं नाही, आणि तेच त्यांना भीतीचं वाटलं.

रविवारी म्हातारे गृहस्थ आले. मामांनी चष्मा पुढे केला. "घरात सापडला. बघा, लागतो का."

त्यांनी तो घातला. मामांकडे पाहिलं. मग दाराशेजारच्या भिंतीकडे, जिथे पापुद्रा निघालेला चौकोन होता. बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिले.

"नंबर बरोबर आहे," ते म्हणाले. "माझा मलासुद्धा पाठ नव्हता." मग नमस्कार केला. "आता येणार नाही. सांगा... नको. काही सांगू नका." आणि भिंत न चाचपता, सरळ चालत गेले.

मामा त्यांना कोपऱ्यापर्यंत बघत राहिले. त्या माणसाला उत्तर मिळालं होतं. स्वतः मामांना काहीच मिळालं नव्हतं; होता तो त्यांचाच पत्ता, आणि तोही धाकट्याच्या खिशात. आता टकटक कुठल्याही क्षणी होऊ शकत होती. आधी ती अशक्य होती, तेव्हा तिच्याबरोबर राहता यायचं. आता ती शक्य होती. मामांचं जेवण सुटलं. बाजारात जाणं सुटलं. रविवारी, लोकांना सुट्टी असते त्या दिवशी, तर ते दाराजवळच्या खुर्चीतून उठेनात. लिफ्टच्या लोकांचे फोन येऊ लागले. मोटर ऐकायला स्क्रू ड्रायव्हर कानाला लावावा, तर मामांना त्यात पावलं ऐकू यायची.

मी त्यांच्या या तळमजल्याच्या घरासमोरच राहते, म्हणून हे सगळं मला त्यांच्याच तोंडून कळलं. मी लाँड्रीवाल्या काकांचा आणि बाईंचा आवाज काढून दाखवला की ते बोलते होतात. एकदा मी म्हटलं, "येणार हो मामा. लावता पैज? माझी परीक्षा संपायच्या आत."

"नाही येणार," मामा म्हणाले. "लाव."

"हरलात तर?"

"तू म्हणशील ते. आणि तू हरलीस तर मी म्हणेन ते."

परीक्षा संपली. त्या दिवसांत दार वाजवून गेले ते मीटरवाला, दोन झाडूवाले, चेंडू मागणारी पोरं, आणि एकदा चष्मेवाल्या बाई स्वतः; पण त्या पाच मिनिटं भिंतीवरच्या त्या निघालेल्या चौकोनाकडे बघत उभ्या राहिल्या आणि गेल्या. शेवटचा पेपर देऊन आले तेव्हा मामा दारातच बसले होते. "हरलीस," म्हणाले. जिंकलेल्या माणसाचा असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. तो मला काढताही येत नाही.

काय मागणार, विचारलं. मला वाटलं होतं, नकला बंद कर म्हणतील.

"दर रविवारी दहा ते बारा इथे बस," मामा म्हणाले. "मला जरा पाय मोकळे करायचेत. कुणी आलं तर आधी पाणी दे. मग सांग, मामा बारापर्यंत येतात. आणि त्याला जाऊ देऊ नकोस."